आईंच्या मांडीत रॉड आहे, कमरेचा एमआरआय काढता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा : आई विजयदुर्गजवळच्या गावी असतात, वय बासष्ट. कंबर धरलेली, डाव्या पायात मुंग्या. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढून आणायला सांगितलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी पडून मांडीचं हाड मोडलं होतं, त्यात रॉड आहे, आणि शेजारच्या कुणीतरी सांगितलंय की मशीन तो रॉड ओढून बाहेर काढतं. आई म्हणतात, ‘माका त्या बोगद्यात घालू नकात.’ मुलगा डोंबिवलीला, हातात चार दिवसांची रजा. उपाशी न्यायचं का, किरणांचा त्रास होतो का, मंगळसूत्र काढावं लागतं का, कुठे न्यायचं, हे सगळं विचारलंय.

मी एक्स-रे, सीटी आणि एमआरआय काढणारी टेक्निशियन. आधी रत्नागिरीत, आता सिंधुदुर्गात. आधी उत्तर देते, कारणं मागून. मांडीत रॉड असताना कमरेचा एमआरआय बहुतेक वेळा बिनघोर होतो. साध्या कमरेच्या एमआरआयला उपाशी राहावं लागत नाही. त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात. मंगळसूत्र काढावं लागतं. आणि मशीनवर काय होईल याची जेवढी काळजी तुम्ही करताय, त्याच्या निम्मी जरी घरातून निघण्याआधी केलीत तरी काम सुरळीत होईल. आमच्याकडे जे पेशंट स्कॅन न होताच परत जातात, ते मशीन बिघडल्यामुळे क्वचित. बहुतेक जण अर्धवट चिठ्ठी, नसलेला कागद किंवा न सांगितलेली गोष्ट यामुळे परत जातात. वीस किलोमीटरवरून आलेला माणूस परत गेला तर चालतं, पण तळेऱ्यापर्यंत रिक्षा आणि पुढे एसटी करून आलेल्या, कंबर धरलेल्या बाईला परत पाठवणं आमच्याही जिवावर येतं.

म्हणून आधी चिठ्ठी वाचा. खूपदा नुसतं ‘एमआरआय स्पाइन’ एवढंच लिहिलेलं असतं. कण्याचे मान, पाठ आणि कंबर असे तीन भाग, प्रत्येकाचा स्कॅन वेगळा, वेळ वेगळा आणि पैसेही वेगळे. मालवणकडचे एक काका अशीच चिठ्ठी घेऊन आले होते. त्यांना दुखत होतं मानेपासून कमरेपर्यंत सगळीकडेच. डॉक्टरांना फोन लावला तर ते ऑपरेशनमध्ये. दुपार गेली, शेवटची गाडी गाठायची म्हणून काका उठून गेले, आणि दोन दिवसांनी पुन्हा आले. चिठ्ठीवर कोणता भाग, साधा की कॉन्ट्रास्टचा (म्हणजे शिरेतून औषध देऊन काढायचा), आणि डॉक्टरांना शंका कशाची आहे, या तीन गोष्टी हव्यात. शंका लिहिलेली असली की रिपोर्ट देणारे रेडिओलॉजिस्ट नेमकं तिथे बघतात. ‘कंबरदुखी’ एवढ्यावर कुणालाच फार काही सांगता येत नाही.

दुसरं काम म्हणजे सेंटरला फोन. नुसतं ‘आज मशीन चालू आहे का’ विचारून फोन ठेवू नका. ‘पेशंटच्या मांडीत रॉड आहे, चालेल का, कोणते कागद आणू’ हे स्वतःहून सांगा. रॉड बसवला तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर किंवा ऑपरेशनच्या कागदांत इम्प्लांटचा (म्हणजे आत बसवलेल्या वस्तूचा) स्टिकर असतो, त्यावर धातू आणि कंपनी लिहिलेली असते. कागद वाळवीने खाल्ले असतील किंवा घर शाकारताना कुठे गेले असतील तर मांडीचा जुना एक्स-रे तरी न्या. तोही नसेल तर एक नवा काढून घेता येतो, त्यावरून आत काय आहे याचा बराच अंदाज येतो.

आता रॉडचं. एमआरआयचं मशीन म्हणजे अवाढव्य चुंबक. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी १.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) असतं, मोठ्या शहरांत ३ टेस्लाचंही सापडतं. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, त्याला हे चुंबक एका रांगेत धरतं, मग रेडिओ लहरींनी त्याला जरा हलवायचं आणि तो परत जागेवर येताना जो संदेश देतो त्यातून चित्र उभं करायचं, असं सगळं चालतं. पेशंटने लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की हे चुंबक चोवीस तास चालू असतं. आतलं तारेचं वेटोळं उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेलं असतं. त्या थंडीत तारेचा विरोधच संपतो आणि एकदा सोडलेला विजेचा प्रवाह तसाच फिरत राहतो. म्हणून पावसाळ्यात लाइट गेली (आणि आपल्याकडे ती जातेच) की स्कॅन थांबतो, एसी थांबतो, चुंबक मात्र थांबत नाही. ‘मशीन बंद आहे ना, मग मोबाइल घेऊन आत आलो तर काय होतंय’ असं म्हणत दार ढकलणाऱ्या नातेवाइकांवर आम्ही ओरडतो ते यासाठी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात पेशंटचा तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि सिलिंडरसकट मशीनवर ओढला गेला. त्यात त्याचा जीव गेला. पेपरांत तेव्हा बरंच आलं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलेली रॉडची गोष्ट अशाच कुठल्या तरी बातमीतून वाढत आली असावी.

पण सिलिंडर वेगळा आणि मांडीतला रॉड वेगळा. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. हाडांच्या ऑपरेशनला वापरतात ते स्टीलही साध्या लोखंडासारखं ओढलं जात नाही. शिवाय रॉड हाडाच्या पोकळीत, स्क्रूंनी धरलेला आणि इतक्या वर्षांत आजूबाजूला हाड भरून पक्का झालेला असतो. त्याचा खरा उपद्रव चित्राला होतो. धातूच्या आसपास चित्र काळवंडतं आणि वेडंवाकडं दिसतं. मांडीचाच एमआरआय असता तर ही अडचण मोठी होती. कमरेचे मणके रॉडपासून लांब आहेत, तिथे फारसा फरक पडत नाही. स्कॅन चालू असताना मांडीत गरम लागलं तर लगेच सांगायचं, एवढं आईंना आधी सांगून ठेवा. शेवटचा निर्णय मात्र मशीनवरच्या माणसाने आणि तिथल्या रेडिओलॉजिस्टनी कागद बघून घ्यायचा असतो.

ज्याने खरंच थांबावं लागतं त्या गोष्टी वेगळ्या आहेत. पेसमेकर (आता एमआरआयला चालणारेही निघालेत, पण त्याचं कार्ड दाखवल्याशिवाय आणि हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही), मेंदूच्या रक्तवाहिनीवर लावलेली जुनी क्लिप, ऐकू यावं म्हणून ऑपरेशनने कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, इन्सुलिनचा पंप. आणि किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी न विसरता सांगायची गोष्ट म्हणजे डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण. होड्यांच्या दुरुस्तीवर ग्राइंडर, वेल्डिंग चालतं. कधीतरी डोळ्यात कीस जातो, डोळा चोळतात, पाणी मारतात, चार दिवसांनी विसरतात. तो कण डोळ्यात राहिला असेल तर चुंबकाने हलून नजर जाऊ शकते. अशा माणसाच्या डोळ्यांचा आधी साधा एक्स-रे काढतात, तो स्वच्छ असला तर पुढचं काही अडत नाही. दुसरी गोष्ट छर्ऱ्यांची. डुकराच्या शिकारीत लागलेला एखादा छर्रा पोटरीत राहिलेला असतो आणि पोलिसांची भानगड नको म्हणून माणूस तोंड उघडत नाही. आम्ही पोलीस नाही. छर्रा कुठे आहे एवढंच आम्हाला हवं असतं, तो कसा लागला ते विचारायची आम्हाला गरजच नसते.

उलट ज्याला लोक उगाच घाबरतात ते म्हणजे मोतीबिंदूची लेन्स, दातांत भरलेलं सिमेंट किंवा चांदी, तांबी, हृदयात घातलेले आताचे स्टेंट. यांनी स्कॅन अडत नाही. तरी सांगायचं मात्र सगळं. निघणारी कवळी आणि कानाचं मशीन बाहेर ठेवायचं.

दागिन्यांचं म्हणाल तर सोनं चुंबकाला ओढलं जात नाही, पण धातू तापू शकतो आणि चित्र बिघडवतो, शिवाय फासे, कड्या, स्क्रू कसले असतात ते कळत नाही. म्हणून सगळं काढायचं. मंगळसूत्र काढताना बायका थबकतात, ते मला कळतं. घरीच काळ्या दोऱ्यात नुसते काचमणी ओवून घेतले तर ते गळ्यात ठेवायला आम्ही सहसा हरकत घेत नाही, पण तेही आधी दाखवा. दागिने काढून घरातल्या माणसाच्या हातात द्या, सेंटरच्या टेबलावर ठेवू नका. जोडवी आणि नाकातली चमकी आदल्या रात्री साबण किंवा खोबरेल लावून सैल करून ठेवलीत तर सकाळी ओढाताण होत नाही. हातात रुतलेली, न निघणारी सोन्याची बांगडी असेल तर लपवू नका. काय करायचं ते आम्ही बघतो.

आमचा खरा शत्रू सेफ्टी पिन. एका काकूंनी मुकाट्याने सगळं काढून सुनेच्या हातात दिलं. मी विचारलं, पिना? ‘नाय गो.’ पदराला? नाही. गाउन घालून टेबलावर बसल्या, सरळ उताण्या झोपायच्या आधी हात वर केला, हिरव्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकल्या आणि त्यांच्यात ओवलेला पिनांचा जुडगा समोर आला, लहान-मोठ्या मिळून मूठभर. काकूंना त्या पिना म्हणून आठवतच नव्हत्या, त्या बांगड्यांचाच भाग झाल्या होत्या. तेव्हा आईंच्या बांगड्या, ब्लाउजची आतली बाजू, परकराची नाडी आणि अंबाड्यातले आकडे घरीच बघून घ्या. पुरुष पेशंट असेल तर कमरेचा करगोटा, त्यातला ताईत किंवा कपाटाची किल्ली, आणि चुन्याची डबी.

आता बोगद्याची भीती. ती खोटी नाही आणि ‘काय होत नाय गो, लहान आहेस काय’ म्हणून ती जातही नाही. मशीनचं तोंड साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतं, काही मशीनचं ७०. दोन्ही बाजूंनी ते उघडं असतं, आत दिवा असतो, वारा येतो, आणि पेशंटच्या हातात रबरी फुगा दिलेला असतो. तो दाबला की आम्ही थांबतो. हे सगळं आईंना आदल्या दिवशी सांगा, दारात पोचल्यावर नाही. कमरेच्या स्कॅनला कंबर मशीनच्या मधोमध यावी लागते, त्यामुळे डोकं बऱ्याचदा तोंडाशीच राहतं. ‘पाय आधी आत घालून घेता येईल का’ असं टेक्निशियनला विचारायला काहीच हरकत नाही. जमत असेल तर आम्ही करतो. डोळे आत जायच्या आधीच मिटा, आत गेल्यावर नाही, वर रुमालाची घडी ठेवा. छताकडे बघत आत सरकणारा माणूस जास्त घाबरतो.

आणि आवाज. त्याने निम्मी माणसं दचकतात. जुन्या मचव्याचं इंजिन कानाशी सुरू करावं तसा धडधडाट मध्येच सुरू होतो, मध्येच थांबतो, सूर बदलून परत सुरू होतो. कानात बोळे किंवा हेडफोन देतात, ते न मागता मिळाले नाहीत तर मागून घ्या. आवाज होतोय म्हणजे काम चालू आहे, थांबला म्हणजे संपलं असं नाही, हे सांगून ठेवा. आवाज थांबला की लोक सुटकेने हलतात आणि पुढचा भाग बिघडतो.

एक आजी आत जायला तयारच नव्हत्या. ‘किती येळ लागतलो गो बाय?’ हे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. त्यांच्या नातीच्या अंगावरचा सगळा धातू उतरवला, तपासून तिला आत घेतलं आणि आजींच्या पायाशी बसवलं. तिने फक्त आजींचं पाऊल धरून ठेवलं. मी प्रत्येक टप्प्याआधी माइकवरून सांगत गेले, आता चार मिनिटं, आता तीन. आजी स्तोत्र पुटपुटत पडून राहिल्या. कमरेच्या स्कॅनला ओठ हलले तर काही बिघडत नाही. मानेच्या स्कॅनला मात्र बिघडतं, गिळल्याचंसुद्धा चित्रात दिसतं, तिथे जप मनात करायचा. साध्या कमरेच्या एमआरआयला साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. सोबतीला एक माणूस आत घेता येईल का, हेही फोनवरच विचारून घ्या. झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नका. भूल देऊन स्कॅन करायचा तर भूलतज्ज्ञ लागतात, पेशंट उपाशी लागतो, आणि ती सोय प्रत्येक ठिकाणी नसते.

भीतीपेक्षाही जास्त स्कॅन मी दुखण्याने बिघडलेले बघितलेत. ज्या कंबरेसाठी स्कॅन करायचा ती घेऊन अर्धा तास उताणं पडायचं असतं. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली असेल तर ती किती वेळ आधी घ्यायची ते विचारून घ्या. गुडघ्याखाली उशी मागा. आत जायच्या आधी लघवीला जाऊन यायचं, ‘आत्ताच नको’ म्हणाल्या तरी. खोकला असेल तर तो जरा बसल्यावरची तारीख घ्या.

उपाशी राहायचं नाही असं वर म्हटलं, तरी लोक पहाटेपासून पाणीही न पिता येतात, कारण पोटाच्या सोनोग्राफीला तसं सांगितलेलं असतं आणि सगळे स्कॅन सारखेच वाटतात. मधुमेहाचा पेशंट गोळी घेऊन, काही न खाता घाटातून आला तर स्कॅन राहतो बाजूला, आधी साखर पाजावी लागते. बीपीच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्यायच्या. चिठ्ठीवर कॉन्ट्रास्ट लिहिला असेल तर गोष्ट थोडी बदलते. हाताच्या शिरेतून औषध देतात, बरीच सेंटर चार तास पोट रिकामं ठेवायला सांगतात, आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट मागतात, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. आधी कधी अशा औषधाने पुरळ आलं असेल, दम लागला असेल तर ते सांगायचंच.

किरणांची शंका सीटीबद्दल असती तर बरोबर होती. सीटी एक्स-रेवर चालतो. पोटाच्या एका सीटीला साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट (किरणांचं माप) मात्रा जाते, आणि जगात सरासरी माणसाला माती, दगड, हवा, अन्न यांतून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. म्हणजे गरज असेल तेव्हा सीटीला घाबरायचं नाही, आणि ‘एकदा सगळं बघून टाकू’ म्हणून हौसेने काढायचाही नाही. एमआरआयमध्ये हा प्रश्नच येत नाही.

कुठे न्यायचं? जवळात जवळ जिथे मशीन चालू आहे आणि रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट देतात, तिथे. कणकवली, कुडाळ, ओरोस, सावंतवाडी या बाजूला आधी फोन करा. मोठ्या नावासाठी कंबर धरलेल्या बाईला घाटातून कोल्हापूरला किंवा रात्रीच्या गाडीने मुंबईला नेण्यात मला अर्थ वाटत नाही. चित्र चांगलं आलं की ते कुठेही दाखवता येतं. पावसाळ्यात जायचंच झालं तर करूळ आणि फोंडा घाटांची स्थिती निघण्याआधी विचारून घ्या. आणि गौरी-गणपतीच्या आठवड्यात तारीख मागू नका. चाकरमानी आले की आईबापांच्या सगळ्या राहिलेल्या तपासण्या त्याच चार दिवसांत उरकायच्या असतात. पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल करून होणाऱ्या उपचारांच्या पॅकेजवर चालते. बाहेरून नुसता स्कॅन करून आणला तर ते पैसे परत मिळतील असं गृहीत धरू नका. रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) आधी भेटा, बिल झाल्यावर नाही.

रिपोर्ट हातात पडला की तुम्ही तो गाडीतच उघडणार, हे मला माहीत आहे. त्यात ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली गादी फुगणं), ‘डिसिकेशन’ (गादी सुकणं), ‘ऑस्टिओफाइट’ (हाडाला फुटलेलं टोक) असलं काही ना काही असणारच. साठीच्या माणसाचा कोरा रिपोर्ट मला आठवत नाही. कंबर अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्याही एमआरआयमध्ये फुगलेल्या गाद्या दिसतात. म्हणून ‘गादी सरकली, आता ऑपरेशन’ असं घरात जाहीर करू नका. चित्रात दिसणारी गादी त्याच बाजूची, त्याच पातळीची नस दाबतेय का, आणि आईंच्या पायात ज्या जागी मुंग्या येतात ती त्याच नसेची जागा आहे का, हे जुळवून बघायचं काम ज्यांनी चिठ्ठी दिली त्या डॉक्टरांचं. त्यांना नुसता कागद नेऊ नका, फिल्म आणि सीडी दोन्ही न्या. फिल्म खिडकीला धरून काढलेला फोटो मुंबईच्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवून काही साधत नाही. सीडीतला मूळ डेटा किंवा सेंटरने दिलेली लिंक पाठवा. फिल्म घरी सपाट ठेवा, चुलीवरच्या माळ्यावर नको. उष्णतेने ती काळी पडते आणि दोन वर्षांनी तुलना करायला काहीच उरत नाही.

एक गोष्ट मात्र रजेशी आणि तारखेशी बांधू नका. आईंना लघवी अडकायला लागली किंवा कळत नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागी बधीरपणा आला, किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर ते नुसत्या कंबरदुखीत मोडत नाही. कण्याच्या खालच्या नसा एकदम दाबल्या गेल्या की असं होतं, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. तुम्ही डोंबिवलीहून निघेपर्यंत थांबायला सांगू नका. गावात जो कुणी असेल त्याने १०८ ला फोन करून त्यांना सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावं. रॉडचा कागद हाताशी असला तर सोबत द्या, नसला तर त्याविना निघा.